एका अंड्यामागचे पंचवीस तास

पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना अंड्यांसाठी इंजेक्शने देतात, हा समज शहरांत पक्का रुजला आहे. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली, कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते म्हटल्यावर संशय येणारच. तिची पूर्वज असलेली लाल रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. पण ही मधली भर सुईने घातलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड, मोजून दिलेले खाद्य आणि उजेड यांनी ती घडवली. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-३०० ही जात याच निवडीचे फळ. अंड्यासाठी लागणारी संप्रेरके कोंबडी स्वतःच तयार करते.

सुरुवात उजेडापासून होते. कवटीतून झिरपलेला उजेड मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना थेट जाणवतो. म्हणून आंधळी कोंबडीसुद्धा दिवस लांबल्याचे ओळखते. मग हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला जागे करतो आणि एफएसएच व एलएच ही संप्रेरके रक्तावाटे अंडाशयाकडे निघतात. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस ११ तासांचा असतो. फार्मवर दिवे लावून तो १६ तासांपर्यंत नेतात. १८ ते २० आठवड्यांची तलंग अंड्यावर येते, ती याच इशाऱ्याने.

कोंबडीचे फक्त डावे अंडाशय काम करते. उजवे वाढतच नाही. डाव्यात पिवळ्या बलकांची उतरंड रचलेली असते: एक सर्वांत मोठा, त्याहून लहान दुसरा, मग तिसरा. लहान पुटकांतून, म्हणजे बलकांच्या पिशव्यांतून, इस्ट्रोजेन स्रवते. त्याच्या हुकमाने यकृत बलकाची प्रथिने आणि चरबी बनवून रक्तात सोडते, आणि आठ-दहा दिवसांत बलक पूर्ण भरतो. सर्वांत मोठे पुटक पिकले की प्रोजेस्टेरॉन सोडते. त्याने एलएचची लाट उसळते आणि चार ते सहा तासांत बलक सुटतो. दुसऱ्या क्रमांकाचा लगेच पहिल्या जागी येतो. बाहेरून संप्रेरक टोचले, तर अनेक पुटके एकदम वाढू लागतात आणि ही उतरंडच मोडते. रोज एक अंडे हवे असणाऱ्याला असे इंजेक्शन नुकसानीचेच.

सुटलेला बलक अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तिथे तो पाव तास असतो, आणि फलन व्हायचे असेल तर तिथेच होते. पुढचे तीन तास पांढरा भाग चढतो, सव्वा तासात पातळ पापुद्रे येतात, आणि उरलेले वीसेक तास कवचासाठी जातात. असे २४ ते २६ तास भरले की व्हॅसोटोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाला आकुंचन देतात आणि अंडे बाहेर येते. अर्ध्या तासात बहुधा पुढचा बलक सुटलेला असतो. फेरी दिवसापेक्षा लांब असल्याने अंडे रोज थोडे उशिरा येते. एलएचची लाट मात्र रात्रीच्या ठरावीक तासांतच उसळू शकते. ती वेळ हुकली की कोंबडी एक दिवस खाडा घेते.

कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि ते बहुतेक रात्री बसते, म्हणजे कोंबडी काही खात नसताना. त्यासाठी इस्ट्रोजेन आधीच लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करून ठेवते. खाद्य कमी पडले, तर ही उसनवारी हाडांवर येते. पाय लुळे पडतात, हाडे मोडतात. म्हणून लेअरच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवतात, आणि संध्याकाळी दिलेली जाडसर शिंपला भुकटी रात्रभर पोटात मुरून उपयोगी पडते.

गावरान कोंबडीचे वेळापत्रक आणखी एका संप्रेरकाच्या हाती असते. पोटाखाली अंडी साठली की प्रोलॅक्टिन वाढते, अंडाशय आक्रसते आणि कोंबडी खुडूक होते. मग तिला अंडी घालायची नसतात, उबवायची असतात. व्हाइट लेगहॉर्न या लेअर जातीतून निवडीने हा गुण जवळजवळ पुसला गेला. तिची अंडी अखंड मिळतात, पण पिल्लांसाठी ती यंत्रात उबवावी लागतात. परसात पिल्ले हवी असतील, तर खुडूक कोंबडीच कामाची.

नव्या कुक्कुटपालकांना माझे सांगणे एवढेच. दुप्पट अंड्यांची हमी देणारी बाटली घेऊ नका. तलंगा वाढत असताना उजेड वाढवू नका आणि अंड्यावर आल्यावर तो कमी करू नका. कॅल्शियममध्ये काटकसर नको, कारण तिची किंमत कोंबडी स्वतःच्या हाडांनी चुकवते. आणि अंडी खाणाऱ्यांनी इंजेक्शनची धास्ती सोडून, ती कोंबडी कशी ठेवली होती, हे विचारायला सुरुवात करावी.