तपासणी केंद्राची वाट एवढी लांब का वाटते?

‘मले काई झालं नाई, मंग कायले तपासू?’ एचआयव्हीची तपासणी करून घे म्हटलं, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हमखास हेच उत्तर मिळतं. पण मैत्रिणींनो, हा विषाणू शरीरात शिरल्यावर कित्येक वर्षं काहीच त्रास जाणवत नाही. रक्त तपासल्याशिवाय तो कळतच नाही.

दुसरी अडचण अंतराची. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशन व तपासणी केंद्रं, म्हणजे ‘आयसीटीसी’ असतात. तपासणी मोफत होते. पण भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावातल्या बाईला त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. समोरची ताई मराठीत बोलणार आणि हिची बोली माडिया! धानकटाई, तेंदूपत्ता, तेलंगणातली मिरची तोडणी या धबडग्यात ‘पुढच्या खेपेला पाहू’ म्हणत तपासणी मागेच पडते.

सगळ्यात मोठी भीती मात्र लोकांची. ‘तिथं कोणी ओळखीचं दिसलं तर?’ गरोदरपणी बाईची तपासणी होते, म्हणून घरात पहिल्यांदा कळतं ते बहुधा तिचंच. मग खापरही तिच्याच माथी! पण आधी कळलं म्हणजे आधी झालं, असं मुळीच नाही. म्हणून शक्य असेल तर नवऱ्यालाही सोबत न्या. दोघांची तपासणी एकदमच होऊ द्या.

केंद्रात आधी समुपदेशक बोलतात, शंका विचारू देतात, तुमची संमती घेतात आणि मगच रक्त घेतात. अगदी अलीकडचा संसर्ग लगेच दिसत नाही. त्यामुळे जोखीम घडली असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात.

कायदाही आपल्या बाजूने आहे. एचआयव्हीसंबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करणं आणि गुप्तता मोडणं त्याला मान्य नाही. जोडीदाराला धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटी पाळून त्याला सांगू शकतात. पण त्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर सांगू नये, असं कायद्यातच लिहिलं आहे. ही भीती समुपदेशकाला मोकळेपणाने सांगा.

आणि कळून उपयोग काय? उपयोग खूप आहे! सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधं मोफत मिळू लागली. आता संसर्ग आढळला की लगेच उपचार सुरू करतात. गोळ्या रोज, न चुकता घेतल्या तर माणूस कामधंदा करत दीर्घ आयुष्य जगतो. उपचार नसेल तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. वेळेवर औषधं घेतली तर तो ५ टक्क्यांच्याही खाली येतो.

जायचं धाडस होत नसेल, तर आधी १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. गावातल्या आशाताईशी बोला. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. लेकरांना मात्र आई आयुष्यभर हवी असते.