लोखंडी सासू आणि तिच्या सुना

आमच्या घरी एक फटफटी आहे. ती बुलेट आहे हे निराळे सांगायला नको. ती गल्लीच्या तोंडाशी आली की तिसऱ्या मजल्यावर सौभाग्यवती चहाचे आधण चढवतात, इतकी तिच्या आवाजाची घराला ओळख. वडिलांनी ती १९७४ साली घेतली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि दर पाच वर्षांनी रांगेत उभा राहून, नोंदणीचे नूतनीकरण करून मी तिला आजवर रस्त्यावर ठेवली आहे. या गोष्टीचा मला मोठा अभिमान होता. तो कसा उतरला, तीच हकीकत सांगायला बसलो आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारले, "गाडी कोणती?" मी सांगितले. "किकची?" मी मान हलवली. "मग आता पुरे," असे म्हणून त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

रात्री जेवताना चिरंजीवांनी विषय काढला. "बाबा, आपण नवी बुलेट घेऊ. नुसते बटण दाबायचे. दिसायला अगदी आपल्यासारखीच आहे. तशीच टाकी, तशाच सोनेरी रेघा."

"तिला बुलेट म्हणत नाहीत," मी म्हणालो.

"मग काय म्हणतात?"

"बुलेटचे लुगडे नेसलेली दुसरीच कोणीतरी."

"आमटी वाढू का?" सौभाग्यवतींनी विचारले आणि विषय तेवढ्यावर थांबला.

ज्यांच्या घरी फटफटी नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. जुन्या बुलेटचे इंजिन मूळचे इंग्लंडातले, रेडिच गावचे. स्वातंत्र्यानंतर ते आपल्या लष्कराच्या गस्तीसाठी इकडे आले. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला, तरी मद्रासेजवळ तिरुवोत्तियूरला हे इंजिन बनतच राहिले. माहेर ओस पडले, पण माहेरचे वळण सासरी टिकले, असा हा प्रकार. एकच सिलिंडर, त्याचा व्यास सत्तर मिलिमीटर, आणि आत दट्ट्याची धाव नव्वद मिलिमीटर. सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा; म्हणून भक्तमंडळी याला 'कास्ट आयर्न' म्हणतात. लांब धाव आणि जड चाक यांमुळे ते सावकाश फिरते, आणि दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होत असल्याने उभ्या गाडीचा एकेक ठोका सुटा मोजता येतो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. दुसऱ्याची गाडी सवयीने हाताळणाराने इथे जपूनच बसावे.

पण हिची खरी परीक्षा किकची. ताकदीचे ते काम नाहीच. किल्ली फिरवायची आणि पुढच्या दिव्याच्या टोपात जे चिमुकले अँमीटर आहे, त्याच्या काट्यावर नजर ठेवून किक हळूहळू दाबायची. काटा डावीकडे झुकतो, मग एका क्षणी मध्यावर येतो. तिथे थांबायचे. आता डाव्या मुठीजवळची डीकॉम्प्रेसरची पट्टी ओढायची, म्हणजे सिलिंडरात कोंडलेली हवा सुटते. किक आणखी थोडी पुढे सरकवायची, पट्टी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच, शेवटपर्यंत. हे ज्याला साधले त्याच्यासाठी ती पहिल्या किकेला सुरू होते. ज्याला घाई, त्याला ती उलटी लाथ मारते. १९८१ साली एका मुलाखतीला निघताना मी काटा न पाहता किक मारली आणि पंधरा दिवस लंगडलो. दोष सर्वस्वी माझा होता. वडिलांनीही माझी विचारपूस करण्याआधी गाडीची केली.

तर अशा या लोखंडी सासूच्या घरात शतक उलटता उलटता पहिली सून आली. ऑस्ट्रियातल्या एव्हीएल या संस्थेच्या साह्याने केलेले ते इंजिन ॲल्युमिनियमचे. आम्ही नाके मुरडली. मग २००९ साली आली दुसरी. तिच्यात इंजिन आणि गिअरची पेटी एकाच कवचात, आणि टॅपेट स्वतःच जुळणारे. पान्याला कामच नाही. २०१०च्या सुमारास बिडाचे इंजिन कारखान्यातून गेले, तेव्हा तर आम्ही सुतकच पाळले.

त्या काळात खडकवासल्याच्या एका चहाच्या टपरीवर दर रविवारी आमचा अड्डा असे. एक तरुण आपली नवी कोरी गाडी घेऊन मोठ्या उमेदीने आला. आमच्यातला एक ज्येष्ठ, कपातली नजर न काढता म्हणाला, "स्कूटर छान आहे." बिचारा पुढचे दोन रविवार फिरकला नाही. मग हळूहळू रुळला.

२०२० साली तिसरी सून आली. झडपा चालवणारे लांब दांडे जाऊन कॅम वर डोक्यात बसला, आणि कंप मारण्यासाठी आत तोल सावरणारा एक जादा दांडा फिरू लागला. किक तर मुळातूनच नाहीशी झाली. २०२३ साली बुलेटलाही तेच इंजिन मिळाले. त्यानंतरच्या एका रविवारी कोणीतरी ती गाडी टपरीवर आणली. सगळ्यांत आधी कोण बोलले असेल? तोच, २००९चा तरुण! आता कानशिलावर पांढरे आलेले. म्हणतो कसा, "शेवटची खरी बुलेट आमची. ही काय, शिवणयंत्र!"

मला हसू आवरेना. काल जिला सून म्हणून छळली, ती आज सासू होऊन बसली होती. अमेरिकेतले हार्ले-डेव्हिडसनवालेही यातून सुटलेले नाहीत. तिथे १९४८च्या इंजिनाला त्याच्या झाकणांच्या आकारावरून 'पातेले' म्हणतात, १९६६च्याला 'फावडे', आणि पातेलेवाले, फावडेवाले असे उघड पंथ आहेत. १९८४ साली सुधारलेले इंजिन आले, तेव्हा त्यालाही जुन्या मंडळींची बोलणी खावी लागली.

त्या दिवशी मी ती नवी गाडी डोणजे फाट्यापर्यंत चालवून आणली होती. घरी हे बोललो नव्हतो; आता कबूल करतो. गाडी उत्तम आहे. माझ्या गाडीचा ब्रेक म्हणजे विनंतीअर्ज. मंजूर होईल, पण वेळ लागेल. हिचा ब्रेक म्हणजे हुकूम. आरशात मागची मोटार मोटारीसारखी दिसते. माझ्या आरशात ती थरथरणारी जिलबी असते. तरीही उतरल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटले. गाडीने मला काही विचारलेच नव्हते. काटा कुठे आहे, हवा सुटली का, आज थंडी किती, काही नाही.

गुडघ्याची कथा सांगायला मी नाना पेठेत आमच्या मिस्त्रींकडे गेलो. किक अर्थातच चिरंजीवांनी मारली. काट्याचा धडा त्यांना जिन्याखाली एकदाच सांगितला, आणि दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली; मला शिकायला आठवडा लागला होता. असो. दुकानाचे अर्धे फडताळ रिकामे होते.

"दिवाळीनंतर बंद करतोय साहेब," मिस्त्री म्हणाले. "डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा या धंद्यात नाही. तुम्हाला निरोप धाडणारच होतो."

"मग माझ्या इंजिनाचे काय?" माझ्या तोंडून निघून गेले.

मिस्त्री हसले. "साहेब, एक विचारू? इतकी वर्षे तुम्ही माझे इंजिन, माझे इंजिन म्हणता. टॅपेटचे झाकण कधी उघडलेत?"

मी उघडले नव्हते. जवळजवळ चाळीस वर्षांत एकदाही नाही. टपरीवर बसून मी निष्ठेच्या गप्पा मारल्या, नव्या पोरांना नावे ठेवली, आणि इकडे हा माणूस दर तीन महिन्यांनी काळे हात करून माझी निष्ठा सांभाळत होता. खाली तेल ठिबकते म्हणून मी ताटली ठेवत असे. पॅकिंग बदलायचा कंटाळा माझा, आणि तोही त्यानेच शेवटी स्वतः होऊन संपवला होता. मला काही बोलता येईना.

"आणा ते स्टूल," मिस्त्री चिरंजीवांना म्हणाले. "तुम्हीही बसा. इंजिन गार होऊ द्या, मग दाखवतो."

थांबलो त्या तासाभरात बापलेकांचा तहही झाला. नवी बुलेट घ्यायची, ती मी चालवायची, जुनी चिरंजीवांकडे. टपरीवर मला काय काय ऐकून घ्यावे लागेल, ते आताच ऐकू येत आहे.

मग मिस्त्रींनी उजव्या बाजूचे झाकण काढले. आत दोन दांडे उभे होते. दट्ट्या वर, दोन्ही झडपा मिटलेल्या, ही पहिली अट. तीन पातळ पाने. एकाने खालचा पाय धरायचा, दुसऱ्याने नट ढिला करायचा, तिसऱ्याने जुळवायचे. हात तिघांचे होते तरी अपुरे पडत होते. मिस्त्रींनी माझे बोट धरून दांड्यावर टेकवले.

"फिरतोय?"

"फिरतोय."

"वर-खाली हलतोय?"

"थोडासा."

"मग ढिला झाला. परत."

चिरंजीवांनी केला तो इतका घट्ट, की फिरेचना. परत. नट आवळताना माप सरकले. परत. दुकानात दिवा लागला, बाहेर आकाशकंदील लागले. सातव्या वेळी मिस्त्रींनी स्वतःचे बोट लावून पाहिले, "हं" म्हणाले, आणि पोऱ्याला तीन चहा सांगितले.