अधिक बलवान कोण? हल्क, सुपरमॅन आणि प्रमाणाचा प्रश्न

दोन मल्ल आखाड्यात उतरले की त्यांच्यातला श्रेष्ठ कोण हे ठरवायला वादाची गरज उरत नाही. पाठ कोणाची लागली हे सारा गाव पाहतो. वाद रंगतो तो ज्यांची गाठ पडणेच कठीण अशांविषयी. अमेरिकन चित्रकथांतील महाबली हे याचे उत्तम उदाहरण. सुपरमॅन आणि हल्क लढले तर कोण जिंकेल? हल्क आणि थॉर लढले तर? आमच्या वसतिगृहात या प्रश्नांवर रात्री जागवणारे मित्र मी पाहिले आहेत, आणि त्यांत मीही असतो. पुष्कळांना हा पोरखेळ वाटतो. मला मात्र वाटते की, तर्कशास्त्राच्या तासाला आपण ज्या प्रमाणांची नावे पाठ करतो, त्यांचा कस अशा वादातच लागतो. येथे प्रत्यक्ष प्रमाण नाही. जे आहे ते सारे शब्दप्रमाण. आणि शब्द देणारे अनेक, तेही परस्परांशी न जुळणारे. मग वाद घालायचा तरी कसा?

पहिला प्रश्न : कोणत्या साली?

जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याला तेव्हा उडता येत नव्हते! तो एका उडीत एक अष्टमांश मैल जाई, आगगाडीला मागे टाकी, आणि फुटत्या तोफगोळ्याहून कमी कशानेही त्याची कातडी भेदली जात नसे. एवढीच त्याची मातब्बरी. पुढच्या लेखकांनी त्याला आकाशात उडवले, ग्रह ढकलायला लावले, काळाच्या पलीकडेही पाठवले. अखेर ही शक्ती इतकी अमर्याद झाली की कथेत रंगच उरेना. म्हणून १९८६ साली जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने त्याची कथा नव्याने मांडली आणि त्याचे बळ बरेच खाली आणले. म्हणजे नाव एक, पण व्यक्ती निदान तीन.

हल्कचेही तेच. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा हा राक्षस मे १९६२ च्या अंकात आला तेव्हा तो हिरवा नव्हता, करड्या रंगाचा होता. दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. गॅमा किरणांचा मारा झालेला शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर पहिल्या अंकात संतापाने नव्हे, तर सूर्य मावळला की हल्क होई. 'जितका राग, तितकी ताकद' हा त्याचा सर्वश्रुत नियम मागाहून रुळला. तेव्हा "हल्कच्या ताकदीला सीमा नाही" असे म्हणणाऱ्याला प्रथम विचारावे, "कोणत्या सालचा हल्क?" निम्मे वाद येथेच मिटतात.

दुसरा प्रश्न : कोणत्या नियमांनी?

जानेवारी १९६५ च्या 'जर्नी इंटू मिस्टरी' या मासिकात थॉर आणि हल्क यांच्या झुंजीची कथा आली. तिची सुरुवातच गमतीची आहे. थॉर आणि हल्क यांच्यात अधिक बलवान कोण, यावर मुलांचे भांडण जुंपले आहे आणि स्वतः थॉर तेथे येऊन पोहोचतो. मग तो त्यांना एका जुन्या लढतीची हकिकत सांगतो.

या लढतीत अडचण अशी की, थॉरचा हातोडा साठ सेकंदांहून अधिक काळ हातावेगळा राहिला तर तो देवाचा पुन्हा साधा माणूस होतो. निव्वळ बाहुबलाची परीक्षा व्हायची कशी? म्हणून त्याचा पिता ओडिन पाच मिनिटांपुरता तो निर्बंध उठवतो. शक्तीची तुलना करायची तर आधी शस्त्र बाजूला ठेवावे लागते, हे येथे लेखकाने ओळखले आहे. आपल्या वादात मात्र एक जण मनगटाविषयी बोलत असतो आणि दुसरा हातोड्याविषयी; आवाज दोघांचेही चढतात.

इतके करूनही त्या कथेत स्पष्ट निकाल लागत नाही. २०१७ च्या 'थॉर : रॅग्नारॉक' या चित्रपटातही हे दोघे रिंगणात उतरतात आणि रंगात आलेली लढत तिसराच मध्ये पडून थांबवतो. याचे कारण शारीरिक नाही, व्यावहारिक आहे. दोन्ही वीर एकाच प्रकाशकाचे. दोघांचेही अंक खपायला हवेत. ज्याची पाठ कायमची लागली त्याचे पुस्तक पुढच्या महिन्यात कोण घेणार?

तिसरा प्रश्न : निकाल कोण देतो?

सुपरमॅन डीसीचा, हल्क मार्व्हलचा. या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १९९६ साली एकत्र येऊन आपले वीर परस्परांशी लढवले आणि त्यांतील पाच लढतींचे निकाल वाचकांच्या मतांवर सोपवले. सुपरमॅनने हल्कला हरवले. बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला हरवले. वादळांची राणी स्टॉर्म हिने वंडर वुमनला हरवले! वंडर वुमनचे बळ ठाऊक असणाऱ्यांना हा निकाल आजही पचलेला नाही. उघडच आहे, येथे बळ मोजले गेले नाही, लोकप्रियता मोजली गेली.

२००३-०४ साली याच दोन कंपन्यांची आणखी एक संयुक्त कथा निघाली. लेखक कर्ट ब्युसेक, चित्रकार जॉर्ज पेरेझ. तीत सुपरमॅन थॉरवर मात करतो. सुपरमॅनवर जादूचा परिणाम होतो हा डीसीचा जुना नियम, आणि थॉरचा हातोडा तर मंतरलेला. नियमाकडे पाहावे तर थॉरचे पारडे जड. कथेत झाले उलटे. लेखकाला जे घडवायचे असते, त्यासाठी वाट निघतेच.

परंतु सर्वांत मोठी लढत कागदावर झालीच नाही. १९४० साली फॉसेट या प्रकाशकाने कॅप्टन मार्व्हल आणला. बिली बॅटसन हा पोरगा 'शझॅम' हा शब्द उच्चारताच महाबली होई. काही काळ त्याच्या अंकांनी खपात सुपरमॅनलाही मागे टाकले. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी १९४१ मध्ये नक्कल केल्याचा दावा लावला. तो रेंगाळत राहिला. १९५१ साली अपील न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांचा निर्णय सुपरमॅनच्या बाजूने गेला, आणि १९५३ मध्ये फॉसेटने तडजोड करून कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन थांबवले. ज्याला एकाही राक्षसाला संपवता आले नाही, त्याला वकिलांनी संपवले. पुढे १९७२ मध्ये त्याच डीसीने त्याचे हक्क घेऊन त्याला पुन्हा उभे केले. पण त्याच्या नावाचे मासिक तोवर मार्व्हल कंपनीने सुरू केलेले असल्यामुळे त्याचे नवे मासिक 'शझॅम' या नावाने काढावे लागले.

आणि सुपरमॅनच्या जनकांचे काय झाले? त्यांनी पहिल्या कथेबरोबर त्याचे सारे हक्क १३० डॉलरांना देऊन टाकले होते. पुढे त्यांनी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. अखेर १९७५ साली, सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याच्या सुमारास, दोघांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन मंजूर झाले आणि त्यांची नावे पुन्हा त्यांच्या निर्मितीवर झळकू लागली. ग्रह ढकलणाऱ्या वीराला आपल्या दोन जन्मदात्यांना आधार देता आला नव्हता. बळ कोणाकडे असते या प्रश्नाचे याहून बोलके उत्तर मला सापडलेले नाही.

आपल्याकडे १९६४ पासून १९९० पर्यंत इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मॅण्ड्रेक घरोघरी पोहोचले. ते दोघेही ली फॉक या एकाच लेखकाची मानसपुत्रे. एकाच घरचे असल्यामुळे त्यांच्यात कोण श्रेष्ठ याचा हट्ट सहसा कोणी धरीत नसे. तंटा बहुधा दोन घरांचाच असतो.

मग हा वाद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. वर्ष सांगा, नियम सांगा, कोणाचा शब्द प्रमाण मानायचा ते आधी ठरवा आणि मग खुशाल भांडा. माझे मत विचाराल तर १९३८ चा सुपरमॅन हल्कपुढे टिकणार नाही. उड्या दोघेही मारतात. पण हल्कचे बळ घटकेगणिक वाढते, त्याचे वाढत नाही. १९६० नंतरचा सुपरमॅन मात्र जिंकेल, आणि तोही ठोशाने नव्हे. हल्कची सारी ताकद समोरच्याने दिलेल्या रागावर पोसलेली असते. ज्याला उडता येते त्याने थोडा वेळ दूर जाऊन थांबावे. राग ओसरेल आणि जमिनीवर उरेल तो फाटक्या कपड्यांतला, दमलेला ब्रूस बॅनर.

हे माझे अनुमान. कोणाला ते खोडून काढायचे असेल त्याने जरूर काढावे. मात्र येताना अंकाचा महिना आणि साल बरोबर घेऊन यावे.