लुला, नेमार आणि लाखो सिल्वा

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुइस इनासिओ लुला दा सिल्वा आणि फुटबॉलर नेमार दा सिल्वा सांतोस ज्युनिअर एकमेकांचे कोण लागतात?

कोणीच नाही. २०१४ च्या वर्ल्डकपमधला ब्राझीलचा कॅप्टन थियागो सिल्वा, १९३८ च्या वर्ल्डकपमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारा लिओनिदास दा सिल्वा, लुलांच्याच सरकारात पर्यावरण खातं सांभाळलेल्या मरिना सिल्वा, १९६७ मध्ये लष्करी राजवटीत राष्ट्राध्यक्ष झालेले कोस्ता ए सिल्वा. आडनाव एकच, घरं सगळी वेगळी.

आपल्याकडे आडनाव कळलं की लोक आधी गाव विचारतात आणि मग हळूच जात काढतात. (हो, काढतातच. नाही म्हणू नका.) सिल्वावरून मात्र काहीच निघत नाही, आणि त्यामागे बरा-वाईट इतिहास आहे. हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ जंगल. पोर्तुगीजांबरोबर तो ब्राझीलला गेला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची स्वतःची नावं पुसली जायची. बाप्तिस्मा देताना किंवा सुटका झाल्यावर त्यांना मालकाचं, नाहीतर सर्रास चालणारं एखादं पोर्तुगीज आडनाव चिकटायचं. तिथली गुलामगिरी संपली थेट १८८८ मध्ये. म्हणजे मालकही सिल्वा आणि गुलामही सिल्वा!

गोव्यातले डिसिल्वा, डिसोझाही बाप्तिस्म्यातूनच आले. तिथे एका आडनावाने तर उलटा प्रवास केला. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनिओ कोस्टा यांचं घराणं वडिलांकडून गोव्याचं. पण पोर्तुगालचा गोलकीपर दिओगो कोस्टा त्यांचा पुतण्या वगैरे नाही हं!

आता, आडनाव सगळ्यांचं सारखं असेल तर माणूस ओळखायचा कसा? ब्राझीलने उपाय काढला: पहिल्या नावाने, नाहीतर टोपणनावाने हाक मारा. राष्ट्राध्यक्षांनासुद्धा! 'लुला' हे लुइसचं लाडाचं रूप. १९८२ मध्ये निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी ते अधिकृत नावातच घालून घेतलं. पोर्तुगीजमध्ये लुला म्हणजे माकूल मासा, हा आपला बोनस.

माणसांचं असं भागतं, कॉम्प्युटरचं नाही. मी ऑफिसात नावं जुळवणाऱ्या सिस्टिमवर काम करतो, आणि 'शेवटचा शब्द म्हणजे आडनाव' हा नियम मला दर आठवड्याला कुठे ना कुठे भेटतो. पोर्तुगीज पद्धतीत आधी आईचं आडनाव येतं, मग वडिलांचं. स्पॅनिश पद्धत बरोबर उलटी. स्पेनचा डेव्हिड सिल्वा कागदावर डेव्हिड होसुए हिमेनेझ सिल्वा आहे. म्हणजे त्याचं सिल्वा आईकडचं! शेवटचा शब्द धरून वडिलांशी जुळवायला गेलात तर सिस्टिम म्हणणार, बापाचं नाव चुकीचं आहे.

इथपर्यंत गंमत वाटते. पण ३ जुलै २०२५ आठवा. लिव्हरपूलचा दिओगो जोटा स्पेनमध्ये कार अपघातात गेला. त्याचं खरं नाव दिओगो जोझे तैशेरा दा सिल्वा, 'जोटा' म्हणजे नुसतं 'जे' हे अक्षर. सोबत त्याचा सख्खा भाऊही गेला. तोही फुटबॉलर, पेनाफिएल क्लबचा आंद्रे सिल्वा. आणि पोर्तुगालच्या नॅशनल टीमकडून खेळलेला, मिलान-लाइपझिगवाला स्ट्रायकर? तोही आंद्रे सिल्वाच. जोटाचा नातेवाईक नाही, पण पोर्टो क्लबमध्ये दोघे एकत्र खेळलेले. देश एक, खेळ एक, नाव एक, शिवाय जोटाशी दोघांचाही संबंध. नुसत्या नावावरून फोटो उचलणारं कुठलंही ॲप त्या दिवशी जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहू शकलं असतं.

म्हणून आमच्याकडे नाव ही 'की' नसते. प्रत्येक माणसाला वेगळा आयडी, सोबत जन्मतारीख, आणि नाव पूर्ण एकाच रकान्यात, जसं तो लिहितो तसं. तुमचं कॉलेजचं प्रोजेक्ट चालू असेल तर टेस्ट डेटामध्ये दोन आंद्रे सिल्वा आजच टाकून बघा.