शुभ्रपंखी कुरवांची पारख

हिवाळ्यात ब्रिटनच्या बंदरांवर उत्तरेकडून दोन जातींचे फिकट कुरव येतात: ग्लॉकस गल आणि आइसलँड गल. (दुसऱ्याचे नाव फसवे, तो वीण ग्रीनलँड व कॅनडाच्या उत्तर भागात घालतो.) पहिल्या हिवाळ्यात दोघेही दुधाळ-तपकिरी असतात आणि पंखांच्या टोकांना काळेपणा नसतो. त्यामुळे केवळ रंगावर विसंबणारा निरीक्षक हमखास फसतो. आकारही खात्रीचा नव्हे. लहानखुरी ग्लॉकस मादी आइसलँड नराएवढी दिसू शकते.

पाहावी ती चोच. ग्लॉकसची लांब, दणकट व गुलाबी असते. टोक तेवढे जणू शाईत बुडविलेले. आइसलँडची आखूड चोच बरीचशी काळपट, रंगांची सीमा पुसट. पक्षी बसलेला असता आइसलँडचे पंख शेपटीपलीकडे बरेच लांब जातात. हिवाळा सरताना त्याच्याही चोचीचे मूळ फिकटते; तेव्हा पंखांवरच अधिक भिस्त ठेवावी.