पाठीवरच्या पुळ्या आणि उसन्या गोळ्या

चेहऱ्यावर पुळी आली की घरातली प्रत्येकजण उपाय सुचवते. तीच पाठीवर, छातीवर आली की मुलगी ओढणी सावरते नि गप्प बसते. मग आमच्या वरंधला बचत गटाची बैठक संपल्यावर कुणीतरी हळूच विचारते, ‘वहिनी, अमकीला गोळ्यांनी गुण आला म्हणे. तिच्या उरलेल्या गोळ्या पोरीला देऊ का?’ माझं उत्तर एकच, नको गं बाई!

एक तर प्रत्येक पुळी म्हणजे मुरुम नव्हे. लावणीच्या दिवसांत ओलं पोलकं दिवसभर अंगावर असतं. अशा दमटपणात पाठीवर सारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठल्या, तर ती बुरशी असू शकते. तिच्यावर मुरुमाच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर ती उलट वाढते.

खरे मुरुम खोल नि दुखरे असतील, तर डॉक्टर बरेचदा डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण तीन महिने आणि सोबत लावायचं औषध. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, घेऊन लगेच आडवं होऊ नये. तिच्यामुळे ऊन जास्त बाधतं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. मूळ हार्मोन्समध्ये असू शकतं.

याने भागलं नाही, तर आयसोट्रेटिनॉइन. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध हट्टी मुरुमांवर फार गुणकारी आहे. पण ते चालू असताना दिवस राहिले, तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं. आपल्याकडे लग्न ठरलं की पाठीवरचे डाग घालवायची घाई होते. औषध चालतं चार-सहा महिने किंवा जास्तही, आणि लग्न येतं मधेच! म्हणून लग्नाची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये, रक्तदानही करू नये. ओठ कोरडे पडतात, रक्ततपासण्या कराव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत घेऊ नयेत.

ताकदीच्या गोळ्यांचंही तसंच. झिंकने काहींना थोडा फायदा होतो, पण उपाशीपोटी मळमळतं. बी-१२ च्या मोठ्या डोसाने आणि व्हे प्रोटीनच्या पावडरीने काहींचे मुरुम वाढतात. म्हणून महाडला डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं, पावडरींचे डबेसुद्धा, पिशवीत घालून न्या.

साखर-चहापत्ती शेजारणीकडून खुशाल उसनी आणा. गोळी मात्र जिच्या नावावर लिहिली, तिनेच घ्यायची!