सूर्यावरील डाग आणि आपला पाऊस



मृगाच्या आधीं पेणच्या खारेपाटांत व रोह्याच्या कुंडलिकाकाठीं नक्षत्राचें वाहन पाहण्याची चाल जुनी आहे. अलीकडे शिकलेल्या घरांतून दुसराच प्रश्न कानीं येतो : सूर्यावरील डाग मोजून पाऊस सांगतां येईल काय? हा प्रश्नहि जुनाच. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळांत लॉकियर हे ज्योतिर्विद व हंटर हे सरकारी अधिकारी यांनीं १८७७ सालीं, डाग ओसरले म्हणजे दुष्काळ पडतो, असें प्रतिपादन केलें होतें.

हे डाग सुमारें ११ वर्षांच्या चक्रानें वाढतात व ओसरतात. त्या चक्राची खूण आपल्या शेजारींच उमटते. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचें चुंबकीय वेधकार्य १९०४ पासून अलिबागेस नेण्यांत आलें. सूर्यावर खळबळ झाली कीं तेथील सूची थरथरते. परंतु सूची हलविणें निराळें आणि महासागर तापविणें निराळें! पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सुमारें १३६१ वॅट सूर्यतेज पोंचतें. चक्राच्या चढउतारानें त्यांत अवघा एक वॅटभर फरक पडतो. हजारांत एक.

मग एवढ्याशा फरकानें काय होणार? शास्त्रज्ञ दोन वाटा सांगतात. जंबुपार किरणांतील फरक टक्क्यांनीं मोजण्याइतका असतो. ओझोनवायु ते शोषून तापतो व वरच्या वाऱ्यांचा ओघ बदलतो. दुसरी वाट समुद्रावरून जाते. निरभ्र सागरावर बाष्पीभवन किंचित् वाढतें, व्यापारी वारे तें बाष्प पर्जन्यपट्ट्यांत नेतात, तेथें पाऊस वाढतो, वारे आणखी जोर धरतात आणि पूर्व पॅसिफिकांत खालचें थंड पाणी वर येतें. २००९ सालीं मील व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गणकयंत्रावर या दोन्ही वाटा एकत्र केल्या, तेव्हां परिणाम ठळक दिसला. तरी वाद मिटलेला नाहीं. उपग्रहांनीं सूर्यतेज अखंड मोजण्यास १९७८ मध्यें आरंभ झाला. पुरतीं पांच चक्रेंहि हातीं नाहींत.

१९०४ सालीं येथील वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनीं डागांचा व पावसाचा संबंध गणितानें तपासला. तो दुबळा निघाला. त्यांच्या हातीं लागलें तें दक्षिणी आंदोलन, म्हणजे पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराचा हेलकावा. माझ्या मतें हा लाभ डागांहून मोठा. पूर्व पॅसिफिक तापला कीं आपला मान्सून बहुधा रोडावतो : २००२, २००९, २०१५. बहुधा म्हणण्याचें कारण १९९७. पॅसिफिक अतिशय तापूनहि पाऊस नेहमींइतका झाला. २०२३ मध्यें तर डाग शिखराकडे चढत असतां पॅसिफिक थंडावण्याऐवजीं तापला, आणि देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरला.

शिवाय आपल्याकडे सह्याद्रि आडवा उभा आहे. तो ढगांना अडवून पाऊस पाडतो. म्हणून देशावर टंचाई पडते तेव्हां पेण-रोह्यास तिची झळ कमी लागते. येथलें संकट निराळें असतें. लावणीनंतर पंधरा दिवसांची उघडीप पडते, किंवा अमावास्येच्या उधाणालाच मुसळधार येतो. भरतीमुळें उघाडीची झांपें मिटतात, पाणी शेतांतच तुंबतें आणि रोप कुजतें. ती तिथि ११ वर्षांच्या चक्रांत सांपडत नाहीं. भरती-ओहोटीच्या कोष्टकांत मात्र तिची अर्धी बाजू आधींच छापलेली असते.